विस्मरणाची साथ

कोलंबिया देशातील थोर कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ या अर्थाच्या नावाची कादंबरी १९६७ साली स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध झाली. माकोंदो गावातील बुएंदिया घराण्याच्या अनेक पिढ्यांची ही कथा होय. मार्केस यांना १९८२ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ठाण्यातील वर्तकनगरात राहणाऱ्या, मूळच्या कोकणातील एका वृद्ध गृहस्थांनी या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर वाचावयास घेतले. प्रारंभी त्यांचे मन तीत रमेना. एक लावण्यवती चादरींच्या घड्या घालता घालता आकाशात निघून जाते. पाऊस लागतो, तो चार वर्षे, अकरा महिने आणि दोन दिवस पडतच राहतो! सुज्ञ माणसाने हे खरे कसे मानावे?

परंतु एका प्रसंगापाशी ते थबकले. माकोंदोत निद्रानाशाची साथ येते आणि तिच्या पाठोपाठ विस्मरण येते. लोक वस्तूंवर त्यांची नावे लिहून ठेवतात. गाईचा उपयोग काय, हेही तिच्या गळ्यातील पाटीवर लिहावे लागते.

पुढे याहून दारुण विस्मरण येते. केळीच्या मळ्यांतील संपकरी मजुरांवर सैनिक गोळ्या झाडतात. तो संहार पाहिलेला बुएंदिया घराण्यातील एक पुरुष गावी परततो. पण ‘असे काही घडलेच नाही’, असेच जो तो सांगतो. वास्तविक, कोलंबियातील सिएनागा येथे १९२८ साली असा गोळीबार झाला होता. आकाशात गेलेल्या तरुणीवर गाव विश्वास ठेवतो आणि घडलेला संहार मात्र नाकारतो! अद्भुताच्या आश्रयाने लेखक सत्याचेच जतन करीत आहे, हे त्या गृहस्थांना उमगले.

मार्केस यांचे बालपण आजोळी गेले. त्यांची आजी नवलाच्या गोष्टी नित्याच्याच असाव्यात, अशा सहजतेने सांगे. हे वाचून गृहस्थांना आपली आजी आठवली. गावाचा राखणदार रात्री कसा फिरतो, हे तीही अशाच सहजतेने सांगत असे. त्या हकिकतींतच पटकीची साथ, बुडालेले होडके आणि घरातील गेलेली माणसे यांच्या आठवणी गुंफलेल्या असत. भाकडकथा म्हणून त्यांनी त्या मनाआड केल्या, आणि त्यांबरोबर ती माणसेही मनाआड गेली.

त्यांनी एक वही घेतली आणि घराण्यातील नावे पिढीवार लिहिली. एका ठिकाणी मात्र त्यांना नुसते ‘पणजी’ एवढेच लिहावे लागले. तिचे नाव सांगणारे घरात कोणी उरले नव्हते.

स्वाध्याय
१. माकोंदोतील लोकांनी विस्मरणावर कोणता उपाय योजला?
२. वडीलधाऱ्या माणसांना विचारून आपल्या घराण्यातील चार पिढ्यांची, स्त्रियांसह, नावे लिहा.