‘चालतंय की’ म्हणणाऱ्याकडून सेन्सर घेऊ नका

ऑक्सिजन सेन्सर बदलायचा असेल तर जुन्या सेन्सरच्या अंगावर कोरलेला नंबर आधी उतरवून घ्या, असं जाणकार सांगतात. मी तो उतरवून घेतला होता. मोबाइलमध्ये फोटो होता, शिवाय वहीच्या पानावर तो नंबर आणि खाली गाडीचा चेसिस नंबर असं दोन्ही लिहून नेलं होतं. कोल्हापुरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराने ते पान हातात घेतलं, वाचलं आणि काउंटरवर पालथं घातलं. ‘मालक, नंबर कशाला बघताय? चार वायरचा हाय न्हवं? मग ह्योच बसतोय. चालतंय की.’

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. माझ्यासोबत गॅरेजचा फिटर होता, त्यानेही मान डोलावली. मी पुन्हा म्हटलं, ‘नंबर जुळू दे, पैसे जास्त गेले तरी चालतील.’ त्यावर दुकानदाराने माझ्याकडे न बघता फिटरला सांगितलं, ‘तू घेऊन जा, पाव्हण्यांना चहा पाज.’ ज्याची गाडी, ज्याचे पैसे, त्याच्याशी बोलायचंच नाही, ही यांची रीत.

माझी गाडी म्हणजे सीएनजीवर चालणारी छोटी बीएस-६ पिकअप. रत्नागिरीहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेतो. हंगाम सुरू असताना डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, अ‍ॅव्हरेज पडलं आणि साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना गाडी रडायला लागली. स्कॅनर लावला तर कोड आला पी ०१३५. म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची वायरिंग किंवा खुद्द हीटर गेलेला. फ्यूज मी स्वतः काढून पाहिला, तो शाबूत होता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं, त्यांनी पार्ट मागवायला वेळ लागेल असं सांगितलं. पेट्या अढीतून निघालेल्या, थांबायला सवड कुठली? म्हणून कोल्हापुरात काम करून घ्यायचं ठरलं.

हीटर गेल्याने एवढं काय बिघडतं, असं फिटरही विचारत होता, म्हणून सांगतो. या सेन्सरच्या टोकाला झिरकोनियाचं सिरॅमिक असतं. ते साधारण ३०० अंशांच्या वर तापलं तरच काम करतं. तापल्यावर ते सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांच्या फरकावरून बारीकसा व्होल्टेज तयार करतं. इंधन जास्त झालं की ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली की ०.१ च्या आसपास. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हा आकडा बघत बघत इंधन कमीजास्त करतो. सेन्सर थंड राहिला की ईसीएम आंधळा होतो आणि ठरीव मापाने इंधन ओतत राहतो. अ‍ॅव्हरेज जातं ते इथे. आणि न जळलेलं इंधन पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढतं. त्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात. त्याची किंमत विचारून बघा, मग सेन्सरच्या किमतीवर घासाघीस करावीशी वाटणार नाही.

फिटरने गाडी घेतली आणि मी दुसऱ्या टेम्पोत पेट्या भरून मार्केट यार्डात गेलो. लिलावाची वेळ कुणासाठी थांबत नाही. परत आलो तेव्हा काम झालेलं होतं, काळी टेप गुंडाळलेली होती आणि बॉनेट बंद होतं. जुना सेन्सर मागितला तर म्हणाला, ‘भंगारात टाकला, काय करायचाय?’ मी भंगाराच्या डब्यातून तो शोधून काढला, त्याच्या कुरकुरीकडे लक्ष दिलं नाही. तो सेन्सर हाताशी होता म्हणून पुढचं सगळं उलगडलं.

दिवा मात्र गेला नाही. फिटरला फोन केला तर म्हणे, ईसीएमला शिकायला वेळ लागतो, शंभरेक किलोमीटर चालवा. चालवली. मग म्हणे, तुमच्या तिकडच्या पंपावर गॅसच खराब मिळतो. मग म्हणे, सीएनजीच्या रेग्युलेटरचा प्रॉब्लेम आहे. शेवटी म्हणाला, कन्व्हर्टर जाम झालाय, तो काढून पोकळ नळी टाकू, गाडी पळेल. मी त्याला विचारलं, ‘स्कॅनरवर कोड कुठला येतोय ते पाहिलंत का?’ उत्तर नाही. कोड तोच होता, पी ०१३५. ज्या हीटरसाठी पैसे मोजले तो हीटर अजूनही बंद आहे असं गाडी स्वतः सांगत होती, आणि हा माणूस मला गॅसच्या गोष्टी सांगत होता. पेट्या भरून घाट चढताना गाडी पेट्रोलवर टाकली तरी दुसऱ्या गिअरमध्ये दम तोडायची. मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत वळणं काढली आहेत मी. गाडीला लोड झेपत नाही, तुम्ही जास्त भरता, असंही मला ऐकवण्यात आलं.

अखेर लांज्याच्या एका म्हाताऱ्या वायरमनकाकांकडे गेलो. त्यांनी स्कॅनरला हात लावला नाही, आधी टेप सोडली. सोडली आणि मला जवळ बोलावलं. ‘हे बघ,’ म्हणाले, ‘काळ्याला काळी जोडलीय.’

मला क्षणभर कळेना. काळ्याला काळी जोडली तर बिघडलं काय? मग त्यांनी माझा जपून ठेवलेला जुना सेन्सर मागितला आणि दोन्ही शेजारी धरले. जुना सेन्सर जपानी पद्धतीचा. त्याच्या दोन काळ्या तारा हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थिंगची. नवा युरोपीय पद्धतीचा. त्याच्या दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थिंगची. फिटरने जुन्याचा कपलर, म्हणजे तारांच्या टोकाचा प्लग, कापला आणि रंगाला रंग लावून मोकळा झाला. काळीला काळी, पांढरीला पांढरी, उरलेल्या दोन कशाही. म्हणजे हीटरचा बारा व्होल्टचा प्रवाह थेट सिग्नलच्या तारेत सोडलेला, जिथे एक व्होल्टही यायचा नसतो. हीटर कुठल्याच पुऱ्या सर्किटमध्ये नव्हता. ईसीएम जळाला नाही हे माझं नशीब. काकांनी जुन्या सेन्सरच्या दोन काळ्या तारांना मीटर लावला, काटा हलला नाही. हीटर खरंच तुटलेला होता. निदान बरोबर होतं, मागितलेला पार्ट बरोबर होता, नंबरही बरोबर होता. बरोबर जे होतं ते सगळं माझ्या कागदावर होतं, आणि तो कागद त्या काउंटरवर पालथा पडला होता.

मी दुकानदाराला फोन केला. म्हणाला, माल चांगला होता, फिटिंग चुकलं, फिटरला धरा. फिटर म्हणाला, दुकानदाराने ‘सगळ्याला बसतो’ म्हणून दिला, मी काय करू? दोघांपैकी एकानेही ‘चुकलं’ हा शब्द उच्चारला नाही. मी जर कागद घेऊन गेलो नसतो तर गोष्ट वेगळी. घेऊन गेलो होतो, म्हणून हे मला अजून पचत नाही.

आता तुमच्यासाठी. ‘युनिव्हर्सल’ म्हणून जो सेन्सर विकतात तो नुसत्या तारांच्या शेपटीसह येतो, त्याला कपलर नसतो. तो घेऊच नका. स्वस्त पडतो ते खरं, मला योग्य सेन्सरच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळाला होता. पण रंगांचा घोळ वर सांगितलाच, आणि दुसरीही एक अडचण आहे जी फिटर लोकांना माहीतच नसते. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आतल्या बारीक फटींतून मिळते, सेन्सर त्या तारांतून श्वास घेतो. जोडावर डाग लावून शिसं ओतलं किंवा कपलरमध्ये ग्रीस भरलं की ती वाट बंद. म्हणून कापाकापी नको. तुमच्या गाडीचा कपलर जसाच्या तसा ‘टक्’ आवाज करून बसला पाहिजे, तारेची लांबीही तेवढीच पाहिजे. तार ओढून बसवली तर घाटातल्या हादऱ्यांनी तुटते, लोंबती ठेवली तर सायलेन्सरला चिकटून वितळते.

तारा मोजा, पण फक्त तारा मोजून थांबू नका. चार तारांचे दोन सेन्सर दिसायला एकसारखे असले तरी हीटरचा रेझिस्टन्स वेगळा असू शकतो, आणि मग नव्या सेन्सरवरही हीटरचाच कोड येतो. पाच तारांचा असेल तर तो वाइडबँड, त्याचं काम करण्याचं तंत्रच निराळं. त्याच्या जागी चार तारांचा कधीच चालत नाही. शिवाय बऱ्याच वाइडबँडच्या कपलरमध्येच त्या एका सेन्सरपुरता जुळवलेला रेझिस्टर बसवलेला असतो, कपलर कापला की सेन्सर वाया.

पुढचा की मागचा, हे बिलावर लिहून घ्या. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर इंधन ठरवतो, नंतरचा कन्व्हर्टर काम करतोय की नाही यावर नजर ठेवतो. पी ०१३५ पुढच्याच्या हीटरचा, पी ०१४१ मागच्याच्या. दोन्हींचे पार्ट नंबर बहुतेक गाड्यांत वेगळे. सेन्सरवर कोरलेला नंबर सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचा असतो, गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर निराळा. चेसिस नंबरावरून तो काढून मिळतो. दोन्ही ताडून बघा.

सगळे कोड म्हणजे सेन्सर गेला असं नाही. पी ०४२० आला की लगेच मागचा सेन्सर बदलायला सांगतात. तो कोड कन्व्हर्टरची ताकद कमी झाल्याचा असतो, किंवा आधी कुठेतरी सायलेन्सर फुटून हवा शिरत असते. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि इंधन कमी. सीएनजीवाल्यांनी इथे गाडी पेट्रोलवर टाकून पाहावी. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर पातळ येत असेल तर सेन्सर निर्दोष आहे. गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, इंजेक्टर तपासायला सांगा. स्कॅनरवर लाइव्ह डेटा दाखवायला लावा. गरम इंजिनवर पुढच्या साध्या चार तारांच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वरखाली झाला पाहिजे, एका जागी गोठलेला नसावा.

जुन्या सेन्सरचं टोक बघायला विसरू नका. काळं काजळीदार असेल तर गाडी इंधन जास्त पितेय. पांढरट पूड असेल तर कूलंट जळतोय किंवा कुणीतरी साधं सिलिकॉन सीलंट वापरलंय. ते कारण काढल्याशिवाय नवा सेन्सर घातला तर तोही मरणार.

बसवताना २२ चा खाच असलेला सॉकेट लागतो, साध्या पान्ह्याने कडा गोल होतात. आटे १८ मिलिमीटरचे. बऱ्याच नव्या सेन्सरांच्या आट्यांवर पेस्ट लावूनच येते, वरून आणखी लावू नये, आणि टोकाला तर बोटही लागू नये. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर दुकानदाराला परत द्या. आतलं सिरॅमिक तडकलेलं बाहेरून दिसत नाही. काम चालू असताना शक्यतो गाडीजवळ थांबा. मला थांबता आलं नाही, कारण आंबा थांबत नाही. पण तुम्हाला जमत असेल तर थांबा, आणि टेप गुंडाळण्याआधी जोड दाखवायला सांगा.

माझ्या गाडीला शेवटी चेसिस नंबर देऊन कंपनीच्या काउंटरवरून सेन्सर आणला. वायरमनकाकांनी जुना कपलर गाठून मूळ वायरिंग तपासली, सेन्सर बसवला, कोड पुसला. दिवा गेला, तो पुन्हा लागलेला नाही. हंगाम मात्र गेला, आणि त्यातल्या भाड्यांची भरपाई कोण करणार?

बिलाचं सांगतो. माझ्या बिलावर ‘सेन्सर, १ नग’ एवढंच आहे, आणि खाली छापलंय ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. तुम्ही बिलावर पार्ट नंबर, गाडीचं मॉडेल आणि ‘सदर गाडीसाठी’ हे शब्द लिहून घ्या. लिहून देत नसेल तर दुकान बदला. छापलेल्या त्या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं मला दुकानदाराने ऐकवलं. तेही अर्धसत्य. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरायच्या वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहकच धरला जातो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

मी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आहे. सोबत दोन्ही सेन्सरचे फोटो, वायरमनकाकांचं लेखी म्हणणं आणि त्या वहीच्या पानाची प्रत जोडली आहे. उत्तर आलेलं नाही. नवीन कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा दाखल करता येतो, म्हणून मी कोल्हापूरला जाणार नाही. दावा रत्नागिरीत लावणार आहे. तारखेला घाट उतरून त्यांना यावं लागेल.