घर आखण्यापूर्वी

आमच्या मांडव्यात नवे घर बांधायचे ठरले की पुरुषमंडळी ठेकेदाराबरोबर पडवीत बसतात आणि चहा संपायच्या आत नकाशा ठरतो. चहा करणारीला कुणी काही विचारीत नाही. म्हणूनच मिनेट डिसिल्वा या वास्तुविशारद बाईंचे काम मला अभ्यासावेसे वाटले.

मिनेटबाईंचा जन्म १९१८ साली श्रीलंकेतील कँडी येथे झाला. शिक्षणासाठी त्या मुंबईस आल्या. तेथे त्यांनी पेरीन मिस्त्री यांच्या घरच्या कंपनीत उमेदवारी केली. (१९३६ मध्ये जे. जे. ची वास्तुकलेची पदविका मिळविणाऱ्या पेरीनबाई भारतातील पहिल्या स्त्री-वास्तुविशारद मानल्या जातात. मांडव्याहून लाँचने तासाभराच्या अंतरावर हे घडले, पण आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव नाही.) मिनेटबाई पुढे जे. जे. त शिकू लागल्या. १९४२ च्या चळवळीत मोर्चात गेल्या म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. माफी मागण्यास त्यांनी नकार दिला होता.

कँडीजवळील वाटापुलुवा येथे १९५८ च्या सुमारास सरकारी नोकरांसाठी वसाहत बांधताना त्यांनी नकाशाआधी प्रश्नावली वाटली. कुटुंबात माणसे किती, राहणी कशी, ऐपत किती, हे विचारले आणि मग एकाच साच्याऐवजी निरनिराळ्या प्रकारची घरे आखली. अर्थात ती माणसे पगारदार होती. आमच्या आळीत भात, मासळी आणि मुंबईची नोकरी यांवर घर चालते.

तरीही चार घरी जाऊन मी बायकांना असेच प्रश्न विचारले. एका काकींकडे गणपतीत सोळा माणसे असतात, एरवी सासू-सून दोघीच. त्यांना ओटी ऐसपैस हवी, खोल्या लहान चालतील. २०२० पासून रो-रो बोटीने मोटारी येऊ लागल्या. तेव्हा दुसरीला पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी वेगळ्या दाराची खोली हवी, आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. माझ्या आजीचे गुडघे गेले आहेत. तिला संडास घरात हवा. आई आधी हसली. शेजारच्या बंगल्यात ती भांडी घासते, तेथे खिडकीतून समुद्र दिसतो. आमच्या चुलीसमोर भिंत आहे. तिला खिडकी हवी, रस्त्याकडची. समुद्र नको म्हणाली, माणसे दिसली पाहिजेत.

दिवाळीनंतर आमचे घर मोडायचे आहे. ठेकेदाराच्या नकाशात स्वयंपाकघर मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातच आहे. आईची खिडकी आणि आजीचा संडास मी त्यावर पेन्सिलीने काढले आहेत. वडिलांनी अजून खोडलेले नाहीत.