घरचे बियाणे आणि लिब्रेऑफिस



आपल्या शाळेच्या संगणकावर दुमडलेल्या कोपऱ्याच्या कागदाचे एक चित्र आहे. त्यावर दोनदा टिचकी मारली की लिब्रेऑफिस उघडते. यंदा भित्तिपत्रकासाठी मी मुद्दाम हाच विषय घेतला, कारण त्याने आमच्या घरचे एक अडलेले काम झाले. ते पुढे सांगते.

लिब्रेऑफिसमध्ये रायटर, कॅल्क, इम्प्रेस असे भाग आहेत. रायटरमध्ये अर्ज व निबंध लिहिता येतात, कॅल्कमध्ये हिशेब मांडता येतो. अशी कामे करणारी विकतची सॉफ्टवेअरेही आहेत आणि ती चांगली आहेत. पण त्यांतल्या काहींचे पैसे दर वर्षी भरावे लागतात. लिब्रेऑफिसला एक पैसाही पडत नाही.

हे ऐकून माझी आजी म्हणाली, "फुकटात कोण देते बापा? काही तरी खोट असंन त्यात." मग मी तिला बियाण्याचे उदाहरण दिले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीचे संकरित बियाणे दर हंगामात पाकिटाने आणावे लागते. घरच्या सरकीपासून तसे पीक येत नाही. पण तुरीचे साधे बियाणे आपण राखून ठेवतो, शेजाऱ्याला देतो, टपोरे दाणे निवडून वाण सुधारतो. मुक्त सॉफ्टवेअर तसेच आहे. ते वापरावे, दुसऱ्याला द्यावे, आत कसे बनविले आहे ते उघडून पाहावे, त्यात बदल करावा, या सगळ्याची लेखी परवानगी त्याच्यासोबतच मिळते. शिवाय तूर दिली की आपली तेवढी कमी होते. हे कितीही जणांना द्या, आपले आहे तेवढेच राहते.

"मंग बनवणाऱ्याचं पोट कसं भरते?" आजीने विचारले. प्रश्न बरोबरच आहे. गुरुजींनी सांगितले की काही कंपन्या मोठ्या कचेऱ्यांना मदत व दुरुस्ती पुरवून पैसे घेतात आणि त्यांचे लोक हे काम करतात. काही जण हौसेने करतात, काही देणग्या येतात.

याचा जन्म जर्मनीतला. १९८५ च्या सुमारास मार्को बोरीस या १६ वर्षांच्या मुलाने ल्यूनेबुर्ग गावी स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. (आपल्या दहावीच्या ताईदादांएवढाच की तो!) तिचे स्टारऑफिस १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन कंपनीने विकत घेतले आणि २००० मध्ये त्याची आतली रचना सर्वांना खुली केली. त्याचे नाव ओपनऑफिस. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलकडे गेली, तेव्हा पुष्कळ कार्यकर्ते वेगळे झाले व त्यांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी लिब्रेऑफिस जाहीर केले. मालक बदलला तरी काम थांबले नाही, कारण बियाणे सगळ्यांच्या घरी होते.

आता आमच्या घरची गोष्ट. माझ्या आईच्या बचत गटात १० बाया आहेत. प्रत्येकीचे महिन्याला १०० रुपये, म्हणजे १,००० जमा होतात. कर्जाला शेकडा २ रुपये महिना व्याज. हिशेब वहीत असतो आणि शेजारच्या दादाच्या लॅपटॉपवरही. एका काकूंनी ३,००० रुपये घेतले होते. त्यांचे म्हणणे, चार महिन्यांचे व्याज २४० भरले. वहीत १८० च होते. बायांत बोलाचाली झाली. लॅपटॉपवर पाहावे तर सॉफ्टवेअरची मुदत संपलेली, उघडेचना! दादाने लिब्रेऑफिस उतरवून घेतले आणि त्यात ती फाईल उघडली. चौथ्या महिन्याचे ६० रुपये तिथे मांडलेले होते. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले.

नावे मात्र सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली होती. तो दोष लिब्रेऑफिसचा नव्हे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवीत, तो फॉन्ट नसला की मराठी जाते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'अ' चा २३०९, 'क' चा २३२५, म्हणून ते जगात कुठेही तसेच दिसते. १० नावे आम्ही युनिकोडमध्ये पुन्हा लिहिली. मुंबईच्या एक टाईप या संस्थेचा 'मुक्ता' हा फॉन्टही मोकळाच आहे, तोच वापरला.

अडचणी नाहीत असे नाही. विकतच्या सॉफ्टवेअरमधला तक्ता इथे उघडला की कधी कधी रेघा सरकतात. क्लासमध्ये बहुधा विकतचेच शिकवितात, त्यामुळे मोठ्या मुलांना बटणे शोधावी लागतात. पण केरळात सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवितात, तिथल्या मुलांचे काही अडलेले नाही.

दुसऱ्याला फाईल पाठवायची असेल तर जतन करताना त्याच्याकडे चालेल तो प्रकार निवडावा. आपल्याजवळ ठेवायची असेल तर ओडीटी किंवा ओडीएस प्रकारात ठेवावी. त्यांचा नमुना २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, त्यामुळे इतर सॉफ्टवेअरेही त्या उघडू शकतात.

पालकसभेला आलेल्या ज्या काकू-मावशींना आपल्या गटाचा हिशेब मांडून पाहायचा असेल, त्यांनी वही घेऊन दुपारच्या सुट्टीत संगणकाच्या खोलीत यावे. वीज असली तर मी लगेच बेरीज करून दाखवीन.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी