होकार दिल्यानंतर आलेली दुसरी ऑफर

सातव्या सेमिस्टरला एका आयटी कंपनीत निवड झाली, मुलीनं ईमेलवर होकार कळवला, गल्लीत पेढे वाटून झाले. मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीचं पत्र आलं, पगार दीडपट. किंवा आयटीआय झालेल्या मुलानं जळगाव एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून एक तारखेपासून येतो असं सांगितलं आणि त्याच आठवड्यात महावितरणच्या विद्युत सहाय्यकाच्या निवड यादीत त्याचं नाव लागलं. उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच घरांत असा पेच पडतो. मुलगा विचारतो, "कोणती घेऊ?" वडील म्हणतात, "शब्द दिलाय, आता मागे कसं फिरायचं?" आईला धास्ती वेगळीच: "पहिली सोडली नि दुसरीही गेली तर?" हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत, पण घरात ते एकच भांडण म्हणून भांडले जातात आणि म्हणून सुटत नाहीत.

आईचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो सगळ्यात शहाणा आहे.

हातात काय आहे ते कागदावर बघा. 'सिलेक्शन झालं' म्हणून टीपीओ सरांचा, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांचा, व्हॉट्सअॅपवर निरोप आला, ही ऑफर नव्हे. 'लेटर ऑफ इंटेंट' आलं असेल तर कंपनीनं फक्त इरादा कळवलाय. त्यात बहुतेक वेळा रुजू होण्याची तारीख नसते. ऑफर लेटरमध्ये पद, पगाराची फोड, ठिकाण आणि तारीख असते, आणि त्यातही 'अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यास', 'कंपनीच्या गरजेनुसार' अशी वाक्यं बारीक अक्षरात दडलेली असतात. पहिली ऑफर तारखेसकट कागदावर आणि दुसरी नुसती फोनवर असेल, तर तुमच्याकडे दोन नोकऱ्या नाहीत. एक नोकरी आहे आणि एक आशा. फोनवरच्या आशेसाठी कागद सोडायचा नाही, एवढं आईचं म्हणणं अगदी बरोबर.

पण कागदसुद्धा अभेद्य नसतो. 2023 च्या फेब्रुवारीत विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या, प्रशिक्षणही पूर्ण केलेल्या नवपदवीधरांना 'साडेतीन लाखांवर येता का' असं विचारलं. इन्फोसिसनं 2022 मध्ये निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांना रुजू होण्यासाठी दोन वर्षांहून जास्त वाट पाहायला लावली. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार नेल्यावर 2024 च्या ऑक्टोबरात त्यांना बोलावणं आलं. पुढे 2025 च्या फेब्रुवारीत इन्फोसिसच्याच म्हैसूरच्या केंद्रातून अंतर्गत परीक्षेच्या निकालावरून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं गेलं. कंपन्यांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. दुसरी ऑफर हाती येताच 'आपण कुणाचा तरी विश्वासघात करतोय' म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या मुलांनी समोरची बाजूही पाहावी, म्हणून सांगतोय. कंपनी तिच्या गरजेप्रमाणे निर्णय बदलते. तुम्हीही बदलू शकता; मात्र त्याची एक रीत आहे.

आता कायद्याची भीती. 'केस करतील का?' हा पालकांचा ठरलेला प्रश्न. ऑफर लेखी स्वीकारली की करार झाला, हे खरं. पण माणसाला नोकरीवर यायलाच लावेल असा हुकूम कोर्ट देत नाही. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात व्यक्तिगत सेवेच्या करारांची अशी सक्तीची अंमलबजावणी बसत नाही. नुकसानभरपाई मागता येते, पण रुजू होण्याआधीच वेळेवर नकार कळवणाऱ्या नवख्या मुलामागे त्यासाठी सहसा कोणी लागत नाही. फार तर त्या कंपनीच्या नोंदीत तुमच्या नावापुढे खूण राहील आणि काही वर्षं तिथे परत अर्ज करता येणार नाही.

बॉन्ड असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आणि इथे मी पालकांना जरा घाबरवणार आहे. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या एका प्रकरणात निकाल दिला. त्या बँकेच्या भरतीत अट होती: तीन वर्षं पूर्ण न करता सोडलं तर दोन लाख रुपये भरा. एक अधिकारी 2007 च्या सप्टेंबरात रुजू झाला आणि 2009 च्या जुलैत आयडीबीआय बँकेत जाण्यासाठी राजीनामा देऊन मोकळा झाला. दोन लाख भरले, पण निषेध नोंदवून, आणि मग ते परत मिळावेत म्हणून उच्च न्यायालयात गेला. तिथे तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की करार कायद्याचं कलम 27 माणसाच्या धंदा-व्यवसायावर बंदी घालू देत नाही हे खरं, पण ही अट दुसरीकडे जाण्यावर बंदी घालत नाही, मध्येच सोडण्याची किंमत ठरवते. आणि सरकारी बँकेला जाहीर भरतीचा खर्च पुन्हा करावा लागतो, तेव्हा ती किंमत अवाजवी नाही. म्हणजे 'बॉन्ड कोर्टात टिकत नाही' हे जे मित्रमंडळींत बिनधास्त सांगितलं जातं, ते सरसकट खरं नाही. सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि बॉन्ड कोणत्या दिवसापासून लागू होतो, एवढ्या तीन गोष्टी वाचाच. मूळ गुणपत्रिका किंवा कोरा चेक कोणी ठेवून घेत असेल तर ती नोकरी पहिलीच असो की दुसरी, तिथे जाऊ नका. रुजू करून घेण्यासाठी पैसे मागणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मुलाच्या प्रश्नाचं, म्हणजे 'कोणती घेऊ'चं, उत्तर पगाराच्या आकड्यात शोधलं जातं आणि तिथेच फसगत होते. उदाहरणादाखल पुण्यातली चार लाखांची सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, घ्या. त्यातले चाळीस हजार 'व्हेरिएबल', म्हणजे मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता हेही त्याच चार लाखांत. मग तुमच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातो. महिन्याला हातात पडतात साधारण पंचवीस हजार. खोली, मेस, जाणं-येणं, दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट न मिळाल्यानं खासगी बसला मोजलेले पैसे हे वजा करा. जळगावात तीन लाखांवर घरून डबा घेऊन जाणारा मुलगा महिन्याअखेर जास्त शिल्लक टाकतो, असं अनेकदा दिसतं. म्हणून जळगावच घ्या असं नाही. पहिल्या दोन वर्षांत शिल्लक कमी आणि शिकणं जास्त, असा सौदा मी तरी चांगला मानतो. ठिबक, पाइप, चटई, डाळ या इथल्या उद्योगांत यंत्राच्या जवळ उभं राहून शिकायला मिळतं, हे मात्र पुण्याच्या ओढीत विसरलं जातं.

सरकारी पर्यायाचा हिशेब आणखी निराळा. महावितरणच्या 5,347 विद्युत सहाय्यकांच्या जाहिरातीत पहिल्या वर्षी 15 हजार, दुसऱ्या वर्षी 16 आणि तिसऱ्या वर्षी 17 हजार असं मानधन होतं; तीन वर्षं कंत्राटी, त्यानंतर नियमित पद. शिक्षण सेवकांचंही तसंच, तीन वर्षं ठरलेलं मानधन, 2023 पासून प्राथमिकला 16 हजार. वरच्या उदाहरणातल्या आयटीआयच्या मुलाला कारखाना 18 हजार देत असेल, तर महावितरणमध्ये गेल्यास तीन वर्षं तो मित्रांपेक्षा मागे राहील आणि चौथ्या वर्षी पुढे जाईल. घरात कर्जाचा हप्ता किंवा बहिणीचं लग्न असेल तर ही तीन वर्षं जड जातात. ते आधी बोलून घ्या; नोकरी सरकारी आहे म्हणून हप्ता थांबत नाही.

राहिला वडिलांचा प्रश्न, शब्दाचा. धुळ्याकडे "मना पोऱ्या नोकरीले लागी गया" हे पत्राची शाई वाळायच्या आत साऱ्या भाऊबंदांना कळलेलं असतं. स्थळंही येऊ लागतात. मग निर्णय बदलणं म्हणजे कंपनीपेक्षा नातेवाइकांना तोंड देणं होऊन बसतं. शब्दाची चाड असणं चांगलंच, पण तो शब्द नेमका कुणाला दिला होता, हे आधी ठरवावं. काकांना दिलेला नव्हता.

जळगावात भवरलाल जैन यांची गोष्ट प्रत्येक बाप मुलाला सांगतो: वाकोदचा मुलगा, लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाला, अधिकारीपद समोर असताना ते नाकारलं आणि 1963 मध्ये घरच्या बचतीतल्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला लागला, पुढे त्यातून जैन इरिगेशन उभं राहिलं. गोष्ट खरी आहे. फक्त ती दुसऱ्याच्या मुलाची आहे तोवरच बापांना आवडते. आणि ते सात हजार घरातल्यांनी काढून दिले होते, हा भाग सांगताना बरेचदा गळतो.

शब्दाचं खरं ओझं आहे ते वेगळ्याच ठिकाणी. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजात एका मुलानं ऑफर सोडली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बांभोरी, फैजपूर, शिरपूर किंवा धुळ्याच्या कॉलेजांत एखादी कंपनी पूल कॅम्पसला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्रित भरतीला, पहिल्यांदा येते, पाच जणांना निवडते आणि रुजू होण्याच्या दिवशी त्यातले तीन फोनच उचलत नाहीत. पुढच्या वर्षी ती कंपनी नाशिकच्या पलीकडे येत नाही. याची किंमत तुमच्या मागच्या बॅचमधली मुलं मोजतात, ज्यांची तुमच्याशी ओळखही नसते. शिवाय निवड यादीत सहाव्या नंबरवर असलेला वर्गमित्र तुमच्या गप्प बसण्यामुळे घरी बसतो. म्हणून दोन्ही ऑफर खिशात ठेवून शेवटच्या दिवसापर्यंत कुणालाच काही न सांगणं, हे मला ऑफर सोडण्यापेक्षा कितीतरी वाईट वाटतं.

राज्य लोकसेवा आयोगानं हे ओळखलंय. नायब तहसीलदार झालेला उमेदवार पुढच्या परीक्षेत पुन्हा त्याच पदासाठी निवडला जातो, ते घेत नाही आणि जागा अडकून राहते. म्हणून आता आयोग अंतिम निकालाआधी भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय देतो. ज्यांना ते पद नको आहे त्यांनी वेळेत तो भरला, की यादीतला पुढचा उमेदवार वर सरकतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी त्या मुदतीकडे डोळेझाक करू नये. 'नाव आलेलं तरी दिसू दे' या हौसेपायी कुणाची तरी तीन वर्षांची तयारी वाया जाते.

खासगी कंपनीत असा पर्याय छापलेला नसतो. तो तुम्हीच तयार करायचा. दुसरी ऑफर लेखी आली, नीट वाचली, घरात एकदा बसून ठरवलं, की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहिल्या कंपनीच्या एचआरला ईमेल पाठवा. चार ओळी पुरतात: संधीबद्दल आभार, रुजू होऊ शकत नाही, गैरसोयीबद्दल दिलगिरी, काही कागद किंवा रक्कम परत करायची असल्यास कळवा. आजोबा आजारी आहेत वगैरे रचू नका. एचआरनं असे खूप आजोबा पाहिलेले असतात. दुसऱ्या कंपनीचं नाव आणि पगार सांगण्याची गरज नाही. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर तो आपणहून परत करण्याची तयारी दाखवा. टीपीओ सरांना त्याआधी भेटा, कारण बऱ्याच कॉलेजांत 'एक विद्यार्थी, एक नोकरी' हा नियम असतो आणि तो मोडल्याचं कंपनीकडून कळलं की त्यांची मान खाली जाते. फोन करायचा तर मुलानं किंवा मुलीनं करावा, वडिलांनी नव्हे. एचआरला वडिलांचा फोन गेला की बावीस वर्षांचा उमेदवार बारा वर्षांचा होतो.

'दोन दिवस जाऊन तर बघतो' हा मधला मार्ग मात्र टाळा. रुजू झालात की पीएफ खात्यावर त्या कंपनीची नोंद होऊ शकते आणि पुढच्या कंपनीच्या पडताळणीत ती दिसते. मग दोन दिवसांचा खुलासा दोन वर्षं द्यावा लागतो. सरकारी नोकरीत असाल आणि दुसऱ्या सरकारी पदासाठी अर्ज करायचा असेल, तर तो कार्यालयामार्फत, ना हरकत प्रमाणपत्र घेऊन करा. पुढे मागची सेवा जोडून घेण्याचा प्रश्न येतो तेव्हा हाच कागद विचारला जातो.

आणि दुसरी ऑफर पहिलीपेक्षा जेमतेम बरी असेल, महिन्याला दोन-तीन हजारांनी वरचढ, काम तेच, शहर तेच, तर पहिलीवरच जा. एवढ्याशा फरकासाठी मागच्या बॅचची कंपनी घालवू नका. काम बदलत असेल, शिकायला मिळणार असेल, घरच्या अडचणीचा खरोखर तोडगा निघत असेल, तर दुसरी घ्या आणि पहिलीला आजच कळवा. पालकांना एकच विनंती: यंदा पेढे रुजू झाल्यावर वाटा.