शंका-समाधान : पोस्ट टाकली, आता काय होईल?

चंद्रपूर आणि गडचिरोलीहून आलेल्या या वेळच्या पत्रांत एकच धास्ती आहे : फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या म्हणून पोलीस दारात येतील का? धास्तीला कारण आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने ती लिहिली होती, दुसरीने नुसती ‘लाइक’ केली होती. तेव्हा लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. आज कुणी त्या कलमाचा धाक घालत असेल, तर त्यात तथ्य नाही.

उत्तरे वाचताना मत, आरोप आणि माहिती या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. मताला कायद्याचे भक्कम संरक्षण आहे. आरोपाला पुरावा लागतो. माहिती उघड करताना तिने कुणाला इजा होईल का, हे पाहावे लागते.

प्रश्न : आमच्या गावच्या मंडईला वडशाच्या एका मंडळाचं नाटक झालं. मी फेसबुकवर लिहिलं की नायकाला संवाद पाठ नव्हते आणि नाचगाण्यांत कथा हरवली. आता मंडळातला एक जण फोनवर म्हणतो, ‘आमच्या तारखा गेल्या तर तुझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो.’ मी शेतकऱ्याचा मुलगा, कोर्टाची पायरी कधी चढलो नाही. पोस्ट काढून टाकू का? — एक नाट्यरसिक, ब्रह्मपुरी

उत्तर : पोस्ट काढण्याची गरज नाही. अब्रुनुकसानीची (खोट्या आरोपाने एखाद्याची समाजातली पत घालवण्याची) तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. लोकांपुढे सादर केलेल्या कलाकृतीच्या गुणदोषांवर प्रामाणिकपणे दिलेले मत अब्रुनुकसानी ठरत नाही, असा स्पष्ट अपवाद त्याच कलमात दिला आहे. तिकीट लावून रात्रभर रंगणारा झाडीपट्टी रंगभूमीचा (आपल्या पूर्व विदर्भातल्या नाट्यपरंपरेचा) प्रयोग त्या अपवादात नेमका बसतो. ज्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तिच्याबद्दल परखड लिहिले जाणे हा तिचा मानच आहे.

मात्र ‘नायक दारू पिऊन आला होता’ असे लिहिले असते, तर ते मत न राहता आरोप झाला असता. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात तर गुन्ह्याचाच आरोप. तसेच, समीक्षेसाठी छोटा तुकडा दाखवणे चालते. पूर्ण नाटक किंवा गाणी चित्रित करून टाकू नका. त्यात स्वामित्वहक्काचा (कलाकृतीवरील निर्मात्याच्या मालकीचा) भंग होतो आणि तिकिटावर जगणाऱ्या कलावंतांच्या पोटावर पाय येतो. फोनवरची धमकी म्हणजे नोटीस नव्हे. लेखी नोटीस आली, तर ती घेऊन वकिलाकडे जा.

प्रश्न : मोहर्ली गेटातून ताडोब्याची सफारी केली. भावाच्या कॅमेऱ्यातला वाघीण आणि पिल्लांचा फोटो मी पाणवठ्याच्या नावासकट टाकला आणि जिप्सींनी तिची वाट अडवली होती, असंही लिहिलं. खाली लोक लिहितात, ‘शिकाऱ्यांना पत्ता दिलास, आता फॉरेस्टवाले उचलतील.’ दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. — एक विद्यार्थिनी, चंद्रपूर

उत्तर : फोटो टाकला म्हणून कुणी तुम्हाला उचलून नेणार नाही. पण पाणवठ्याचे नाव आजच काढा आणि जिओटॅग (फोटोसोबत आपोआप नोंदले जाणारे ठिकाण) बंद करा. पिल्ले लहान असताना वाघीण ठरावीक पाण्याच्या आसपास राहते, त्यामुळे तिचा ठावठिकाणा ही जपायची माहिती आहे. जानेवारी २०२५ मध्ये राजुरा भागात शिकारी टोळीवर कारवाई झाली, म्हणजे धोका काल्पनिक नाही.

जिप्सींबद्दलचे निरीक्षण मात्र राहू द्या. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एक वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना घेरले. ती दृश्ये पसरल्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तुम्ही वेळ आणि गाडीचा क्रमांक वनाधिकाऱ्यांना लेखी कळवा. चालकाचा किंवा गाइडचा चेहरा पोस्टवर नको, कारण ते जवळच्या गावांतलेच लोक असतात आणि चौकशी अजून व्हायची आहे. टिप्पण्यांत धमकी किंवा अश्लील मजकूर असेल, तर स्क्रीनशॉट जपून सायबर पोलिसांकडे तक्रार करा. झोप परत येत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. सरकारच्या शाळांविषयीच्या धोरणावर चिडून स्टेटस ठेवला. सहकारी म्हणतात, ‘निलंबन ठरलेलं.’ घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालतं. — एक शिक्षक, आरमोरी

उत्तर : तुमच्या काळजीला मात्र आधार आहे. तुमचे लिखाण गुन्हा नाही, पण कर्मचाऱ्यांवर वर्तणूक नियम (नोकरीत असताना पाळायची शिस्त) लागू असतात. सामान्य प्रशासन विभागाच्या २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयानुसार समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई आहे, आणि तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. स्टेटस चोवीस तासांत जातो, स्क्रीनशॉट राहतो.

एका स्टेटसवरून निलंबन ठरलेलेच असते, असे समजू नका. नवा खुलासा पोस्ट करू नका. कारणे दाखवा नोटीस आली, तर मुदतीत लेखी उत्तर द्या, आणि ते देण्याआधी संघटनेचा व सेवाविषयक वकिलाचा सल्ला अवश्य घ्या. धोरणावरची हरकत लेखी निवेदनातून, संघटनेमार्फत मांडता येते.

प्रश्न : आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटाचा मी ॲडमिन. सुरजागडच्या खाणीच्या ट्रकांनी रस्ता उखडला, घरात धूळ येते, यावर गटात बोलणं चालतं. परवा एका पोराने ‘ट्रक जाळून टाका’ असं लिहिलं. आपला जिल्हा असा! माझ्यावर नक्षल्यांचा शिक्का बसला तर? — एक ग्रामस्थ, एटापल्ली तालुका

उत्तर : दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन असल्यामुळे कुणी गुन्हेगार ठरत नाही. गोंदिया जिल्ह्यातील प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसा निर्णय दिला आहे. ॲडमिनचा सामाईक हेतू (दोघांनी मिळून ठरवलेला बेत) सिद्ध झाला, तर गोष्ट वेगळी. तरीही ते वाक्य तुम्ही तसेच ठेवू नये. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला माओवाद्यांनी खरोखरच डझनावारी ट्रक जाळले होते, त्यामुळे इथे हे शब्द कुणी नुसता राग म्हणून वाचणार नाही. स्क्रीनशॉट ठेवून संदेश काढा, त्या मुलाला समज द्या आणि गटाचा याला पाठिंबा नाही, असे गटातच लिहा.

खाणीवरची टीका हा तुमचा हक्क आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाचा अधिकार मान्य केला. बंदी असलेल्या संघटनेची पत्रके मात्र पुढे पाठवू नका. धुळीचे, रस्त्याचे फोटो तारीख आणि ठिकाणासह जमवा, ग्रामसभेचा ठराव करा, तो जिल्हाधिकारी व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या आणि पोच घ्या.

पोलिसांची लेखी नोटीस आली, तर टाळू नका. वकिलाला सोबत घेऊनच जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देते. त्यांचा क्रमांक १५१०० आहे.

वाचकांना विनंती : भीतीपोटी लिहिणे थांबवू नका. मत आपल्या नावाने मांडा, पुरावा नसलेला आरोप खोडा आणि कुणाचा ठावठिकाणा उघड करू नका. ही उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. नोटीस किंवा समन्स हाती आले, तर त्यावरच्या तारखेआधी वकिलाला भेटा.