वर्गाची पाटी लावण्यापूर्वी

शनिवार पेठ, पुणे

चि. भाच्यास,

आयुर्वेदाचा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरची एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचा काळ, पुरी करून योगशिक्षकाचे प्रमाणपत्रही मिळवलेल्या तरुणाने पेठेतल्या वाड्याच्या माडीवर लगेच वर्ग सुरू करावा की काही काळ थांबावे, या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच घडलेल्या एका शिक्षकाच्या आयुष्यात सापडते. ते चिरंजीवाला रुचेलच असे नाही.

बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ साली कर्नाटकातील बेल्लूर येथे झाला. बालपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी खंगलेला हा मुलगा म्हैसूरला मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे आसने शिकला आणि १९३७ साली, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नसताना, मुठेपलीकडच्या डेक्कन जिमखान्यावर शिकवण्यासाठी पाठवला गेला. बोली सहा महिन्यांची होती, मराठी येत नव्हती, गुरूपाशी झालेले शिक्षण त्रोटक होते, आणि समोरचे कित्येक विद्यार्थी अंगापिंडाने त्याच्यापेक्षा दणकट होते. मग अय्यंगारांनी तरी कुठे वाट पाहिली, असा प्रतिवाद चिरंजीव करील. त्याचे उत्तर असे की त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती; शिक्षणातील उणीव त्यांनी रोज तासन्‌तास स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून, प्रसंगी उपाशी राहून आणि दुखणी सोसून भरून काढली. व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांची भेट १९५२ साली झाली, ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ १९६६ साली निघाला, आणि दिवंगत पत्नी रमामणी यांच्या नावाची संस्था मॉडेल कॉलनीत उभी राहिली ती १९७५ साली, म्हणजे पुण्यात पाऊल ठेवल्यानंतर अडतीस वर्षांनी. चिरंजीवाने हा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहावा.

या वर्षांत त्यांनी कमावलेली खरी विद्या पाहण्याची होती. उत्थित त्रिकोणासनात, म्हणजे पाय फाकून उभे राहून एका बाजूस कलण्याच्या आसनात, ताठर शरीराचा माणूस तळहात जमिनीला टेकवण्याच्या नादात गुडघा वाकवतो, छाती पुढे पाडतो आणि श्वास कोंडतो. हात जमिनीला लागला म्हणून तो खूश असतो, पण आसन मात्र हातचे गेलेले असते. त्या तळहाताखाली लाकडी ठोकळा ठेवला की गुडघा सरळ राहतो आणि छाती उघडते. पट्टे, दोर, खुर्च्या ही आज जगभर अय्यंगार पद्धतीची खूण समजली जाणारी साधने अशा निरीक्षणातून आली. ती विकत आणता येतात, नजर आणता येत नाही. त्यांची करडी शिस्त आणि विद्यार्थ्याच्या अंगावर बसणारी थाप यांचे मात्र अनुकरण करू नये. त्या गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या हे बरेच झाले.

आयुर्वेद शिकलेल्या शिक्षकाला येथे एक जास्तीचे माप मिळते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे, आणि तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने, थंडीत व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ती संपल्याची लक्षणे म्हणजे कपाळावर, नाकावर व काखेत घाम येणे, तोंडाला कोरड पडणे आणि श्वास तोंडावाटे चालू लागणे. वर्षाऋतूत अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद असते असे शास्त्र सांगते. तेव्हा आषाढातल्या ओल्या सकाळी वर्गातल्या साठीच्या बाईंकडून मार्गशीर्षातल्याइतकी मेहनत करून घेणारा शिक्षक पदवी असूनही आयुर्वेद विसरलेला असतो. हे माप घड्याळात सापडत नाही, विद्यार्थ्याच्या कपाळावर सापडते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरात दिसलेले बाहेर बोलू नये असे बंधन आहे. ज्या पेठेत एका वाड्यातली बातमी चहा उकळण्याआधी दुसऱ्या वाड्यात पोहोचते, तेथे या बंधनाचे मोल अधिक आहे.

योगाच्या परिणामांविषयी दावे करताना स्वामी कुवलयानंदांचा कित्ता गिरवावा. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या कुवलयानंदांनी नौली व उड्डियान या पोटाच्या क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या, आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून निष्कर्ष लोकांपुढे ठेवले. श्रद्धा असूनही मोजून पाहण्याची लाज त्यांना वाटली नाही. नाडीपरीक्षेचा अभिमान बाळगणाऱ्यानेही ती चरक-सुश्रुतांत नसून पुढच्या काळातील शार्ङ्गधरसंहितेत येते, हे ठाऊक ठेवावे आणि दर्शन, स्पर्शन, प्रश्न, म्हणजे पाहणे, स्पर्शाने तपासणे आणि विचारणे, या तीन परीक्षा आधी पक्क्या कराव्यात.

तेव्हा चिरंजीवाने निदान दोन वर्षे जाणत्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या रांगेत उभे राहून इतरांची शरीरे पाहावीत, सकाळचा स्वतःचा अभ्यास मोडू नये आणि मगच पाटी रंगवायला द्यावी. त्या पाटीवर नाव, पदवी, वैद्यकीय नोंदणी क्रमांक आणि वर्गाची वेळ एवढेच असावे. रोगांची यादी नसावी. मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग औषधाने बरे करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे.