गोष्टीचे पहिले वाक्य

“मनाने एक गोष्ट लिहा,” असे वर्गात सांगितले की बरीच मुले पेनाचे टोपण चावीत बसतात. त्यांच्यापाशी गोष्टी नसतात असे नाही. मधल्या सुटीत हीच मुले एकमेकांना किती तरी रचून सांगतात! त्यांचे अडते ते पहिल्या वाक्यापाशी. ही अडचण ओळखून इंटरनेटवर गोष्टींच्या सुरुवाती पुरविल्या जातात. बटण दाबताच एक पात्र, एक जागा व एक वस्तू समोर येते, किंवा एखादे अर्धे वाक्य. शिक्षकांनी या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र तिचे मर्म आधी समजून घ्यावे.

ही युक्ती संगणकाआधीची आहे. इटलीतील बालसाहित्यिक व एके काळचे प्राथमिक शिक्षक जान्नी रोदारी (१९२०–१९८०) यांनी १९७३ साली ‘कल्पनेचे व्याकरण’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून तिचा विचार मांडला. फळ्याच्या एका बाजूस एका मुलाने शब्द लिहावा, मागच्या बाजूस दुसऱ्याने. एकाचा शब्द दुसऱ्यास दिसू नये. ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’ हे त्यांचे उदाहरण. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे शब्द जोडताना कल्पनेला काम करावेच लागते. मराठीत हे जोडकाम प्रत्यय व शब्दयोगी अव्यये करतात. कुत्र्याचे कपाट, कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा: प्रत्येकाची गोष्ट निराळी! व्याकरणाचा पाठही जाता जाता होतो.

चांगली सुरुवात कशी ओळखावी? जिच्यात प्रश्न असतो, पण उत्तर नसते, ती चांगली. मुद्द्यांवरून गोष्ट लिहिताना पुष्कळदा शेवटही मुद्द्यांतच दिलेला असतो; मुलाने वाक्ये तेवढी जुळवायची. वाक्यरचनेचा तो उत्तम सराव आहे, पण ती नवनिर्मिती नव्हे. उलट, “सकाळी शाळा उघडायला गेलो, तर दाराची कडी आतून लावलेली,” एवढेच द्या. आत कोण आहे, हे प्रत्येक मूल आपापल्या परीने सांगेल.

येथे आपल्या मुलांचा विशेष विचार केला पाहिजे. इंदूर, वडोदरा, बेळगाव येथील कित्येक मुले घरी मराठी बोलतात, पण शाळेत अन्य भाषेत लिहितात. इंटरनेटवरील सुरुवाती बहुधा इंग्रजीत, बर्फाच्या व किल्ल्यांच्या. त्यांची पद्धत घ्यावी. शब्द मात्र मुलांच्या घरचे, बाजारातले, बसस्टँडवरचे असावेत. चित्राला तर भाषाच नसते. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, आणि तेथील चित्रे घेऊन कोणालाही नवी गोष्ट रचता येते. एक चित्र दाखवावे व आजीला सांगतो तशा भाषेत लिहावयास सांगावे. जी भाषा मूल केवळ ऐकते आणि लिहीत नाही, ती त्याच्या हातून हळूहळू सुटते.

आता यंत्र गोष्ट पुरीही करून देते. तो मोह टाळावा. सुरुवात उसनी चालेल. पुढची वाट मुलाचीच हवी.

या महिन्यात एवढे करून पाहू या:

१. दोन शब्द किंवा एक चित्र द्यावे. वीस मिनिटे मुलांना स्वस्थ लिहू द्यावे.

२. लाल शाई लावण्यापूर्वी गोष्ट मोठ्याने वाचू द्यावी. आधी ऐकावे, शुद्धलेखन मग पाहावे.

३. शेवटी मुलांनीच एकमेकांसाठी नव्या सुरुवाती लिहाव्यात.